शेकोटी, आगटी आणि आपली मुकी जनावरं

हिवाळा लागला की बुऱ्हाणपूर, शहापूर, इच्छापूर, नेपानगर या पट्ट्यातून आणि शेजारच्या रावेर-मुक्ताईनगरकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. कुत्रं शेकोटीपासून हटत नाही, बांधून ठेवावं का? मांजर राखेत झोपतं, त्यात वाईट काय? भाजलं तर हळद लावावी की तूप? गल्लीतलं पिल्लू भाजलं तर फोन कुणाला करायचा? गोठ्यात धुरी केली आणि कडबा पेटला, तर भरपाई मिळते का? या सगळ्यांची उत्तरं एकत्र देण्याचा हा प्रयत्न आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. विचारणाऱ्यांचं सगळं लक्ष ज्वाळेवर असतं. आग उंच पेटलेली असते तेव्हा तर जनावर आपणहून चार पावलं मागे राहतं. ज्वाळा खाली बसतात, माणसं उठून घरात जातात आणि उबदार राख मागे उरते, तेव्हा ते पुढे सरकतं. कुत्र्यामांजरांचं भाजणं बहुतेक या वेळचं असतं. म्हणून या लेखात पेटवण्यापेक्षा विझवण्यावर जास्त लिहिलं आहे. तुम्हीही काळजीचा मोठा वाटा तिथेच खर्च करा.

आपल्याकडे आग कुठे कुठे असते

घरासमोरची शेकोटी सगळ्यांना आठवते. पण आपल्या भागात थंडीत आग पेटण्याच्या जागा बऱ्याच आहेत आणि प्रत्येक ठिकाणचा धोका वेगळा आहे.

- केळीची बाग. तापीच्या दोन्ही काठांना केळी आहे. रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरलं की केळीला चरका बसतो. तो टाळायला शेतकरी बागेच्या कडेने ओलसर पालापाचोळा पेटवून रात्रभर धूर धरतात. हे ढीग ज्वाळा न दाखवता आतून जळत राहतात. राखणदाराचं कुत्रं त्याच ढिगाला पाठ लावून झोपतं आणि झोपेत कूस बदलली की पाय निखाऱ्यात जातो. धुराच्या ढिगांची जागा आधीच ठरवा आणि कुत्र्याची झोपायची जागा त्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूला, बांधापलीकडे करा.
- भरीत पार्टी आणि हुरडा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली जातात, दादर ज्वारीच्या कणसांसाठी जमिनीत आगटी खणली जाते. आगटी म्हणजे उघडा खड्डा. काठावर ज्वारीची ताटं आणि कणसं पसरलेली असतात, त्यामुळे अंधारात त्याची कड दिसत नाही. धावत आलेलं कुत्रं थेट आत पाय घालतं.
- चौकातली, लूमच्या गल्लीतली शेकोटी. थंडीची लाट आली की चौकात, बसस्थानकाशी शेकोट्या पेटतात. पॉवरलूमच्या वस्तीत रात्रपाळी सुटल्यावर चिंध्या, सुताचा कचरा, पुठ्ठे जळतात. कृत्रिम धागा जळताना वितळतो आणि त्याचे थेंब केसांना चिकटले की सुटत नाहीत. शिवाय त्याचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा घातक असतो.
- हलवायाची भट्टी आणि तंदूर. रात्री दुकान बंद झालं की मावा जलेबीच्या भट्टीच्या तोंडाशी किंवा तंदूरच्या आत मांजर, कुत्र्याची पिल्लं जाऊन निजतात. दुकान तुमचं असेल तर सकाळी सरपण घालण्याआधी आत वाकून पाहा, हाक मारा, काठीने बाहेरून ठोका. रात्री भट्टीच्या तोंडावर पत्रा लावून ठेवलात तर हा प्रश्नच उरत नाही.
- गोठ्यातली धुरी. हिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण तिथली जनावरं दाव्याला बांधलेली असतात.

पेटवण्याआधी

जागा निवडताना वाऱ्याची दिशा, वर काय आहे आणि जनावर कुठून येतं, या तीन गोष्टी पाहा. कडब्याची गंजी, कुटाराचा ढीग, पऱ्हाट्यांचा भारा, पत्र्याखालचं प्लास्टिक यांपासून शेकोटी दूर हवी. दहा-बारा फुटांपेक्षा कमी अंतर नकोच.

सरपणाचा ढीग आधीपासून रचलेला असेल तर तो हलवून, उचकटून पाहिल्याशिवाय काडी लावू नका. गावातल्या कुत्र्या बऱ्याचदा पावसाळा संपल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी वितात, आणि त्यांना आडोशासाठी लाकडांचा ढीग फार आवडतो. आई भाकरी शोधायला गेलेली असते, डोळे न उघडलेली पिल्लं आत असतात आणि ती ओरडतही नाहीत.

जमिनीवर उघडी आग करण्यापेक्षा कड असलेली शेकोटी बरी. विटांचं गोल कडं रचा किंवा जुनं लोखंडी घमेलं चार विटांवर ठेवा. कडं किमान फूटभर उंच असेल तर लहान पिल्लू आणि मांजर सरळ आत चालत जात नाही. मात्र घमेलं वापरत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की निखारे काढून टाकल्यावरही लोखंड बराच वेळ तापलेलं राहतं, आणि मांजराला उंच कडेवर चढायची सवय असते.

काय जाळू नये, याची यादी छोटी आहे, पण ती पाळा:

- पेट्रोल, डिझेल, रॉकेल, मशीनचं जळकं तेल. भडका तर उडतोच, शिवाय जमिनीवर सांडलेलं तेल कुत्रं चाटतं किंवा पंजाला लागून पोटात जातं.
- प्लास्टिक, टायर, फोम, रंगीत चिंध्या.
- जुनी रंगवलेली दारं-खिडक्या आणि प्लायवूड. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं आणि ते राखेत उरतं. राखेत लोळलेलं मांजर अंग चाटतं तेव्हा तेच त्याच्या पोटात जातं.

आग पेटलेली असताना

कुत्र्याला बांधावं का, हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर असं: आगीच्या टप्प्यात कधीच बांधू नका. ठिणगी उडाली, वारा फिरला, कुणी फटाका टाकला, तर बांधलेलं जनावर पळू शकत नाही. बांधायचंच असेल तर शेकोटीपासून चांगलं लांब, धूर जात नसेल अशा बाजूला, साखळीऐवजी जाड सुती दोरीने बांधा. घरात ठेवता येत असेल तर ते सगळ्यांत उत्तम.

मोकळं सोडणार असाल तर एका माणसाकडे त्याची जबाबदारी द्या. 'सगळे आहेत की' असं म्हणतो तेव्हा कुणीच बघत नसतं. शेकोटीजवळ चेंडू, काठी फेकण्याचा खेळ खेळू नका. फेकलेल्या वस्तूमागे धावणारं कुत्रं समोरची आग पाहत नाही.

कुत्र्याला घातलेला स्वेटर किंवा जाकीट शेकोटीजवळ येताना काढा. बाजारात मिळणारे बहुतेक ॲक्रिलिक किंवा नायलॉनचे असतात. एक ठिणगी पडली तरी ते वितळून कातडीला चिकटतात. गळ्यातल्या पट्ट्याची धातूची कडीही जवळ बसलं की चटका देण्याइतकी तापते.

धुराचं भान ठेवा. पग किंवा पर्शियन मांजरासारखी चपट्या नाकाची जनावरं, म्हातारी कुत्री, दम्याची मांजरं आणि दोन-तीन महिन्यांची पिल्लं यांना माणसाच्या खूप आधी त्रास होतो. पिंजऱ्यातले लव्हबर्ड तर त्याहून नाजूक. पक्ष्यांचं फुप्फुस हवेतलं विष फार वेगाने शोषतं. शेकोटीच्या दिवशी पिंजरा ओसरीवर टांगू नका, आतल्या खोलीत ठेवा आणि खिडकी लावून घ्या.

आणि एक सक्त सूचना. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत नेऊ नका. कोळशाच्या अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्या खोलीत झोपलेलं माणूसही दगावतं आणि पायाशी झोपलेलं कुत्रंही.

विझवणं: इथे घाई करू नका

आपली जुनी सवय म्हणजे शेवटी पायाने माती लोटायची आणि निघायचं. ही सवय सोडा. मातीखाली निखारा विझत नाही. त्याला हवा कमी मिळते म्हणून तो सावकाश जळतो, आणि मातीच्या थरामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही. वरून गार, राखाडी, निरुपद्रवी दिसणारी जागा दुसऱ्या दिवशी सकाळीही पाय भाजण्याइतकी तापलेली असू शकते. रात्रीच्या थंडीत कुत्र्याला नेमकी तीच जागा उबदार वाटते. तिथे ते आधी नाक लावतं, मग पंजाने उकरतं, मग अंग टाकतं. उकरताना झाकलेला निखारा वर येतो.

विझवण्याची पद्धत अशी ठेवा:

१. जायच्या अर्धा-पाऊण तास आधी नवीन सरपण घालणं बंद करा.
२. उरलेली लाकडं काठीने वेगळी पसरवा. एकमेकांना चिकटलेले निखारे एकमेकांना धगधगत ठेवतात.
३. वाऱ्याच्या बाजूला उभं राहून पाणी हळूहळू ओता. एकदम ओतलं तर गरम वाफ आणि राख उसळते. या वेळी कुत्रं जवळ नको.
४. काठीने ढवळा, खालची राख वर आणा, पुन्हा पाणी ओता. चरचर आवाज येणं थांबेपर्यंत हे करत राहा.
५. हाताची पालथी बाजू राखेच्या वर धरा. धग जाणवली तर पुन्हा पाणी. धग नसेल तरच हात जवळ नेऊन पाहा.
६. आगटी असेल तर पाण्याने थंड केल्यावर मगच माती भरा आणि वर चार काटेरी फांद्या किंवा मोठा दगड ठेवा.

शेतात पाणी कमी असतं ही अडचण खरी आहे. म्हणून भरीत पार्टीला निघताना पिण्याच्या पाण्याबरोबर विझवण्याच्या पाण्याचा एक कॅन वेगळा घ्या. तो कॅन नसेल तर आगटी खणू नका, असं मी स्पष्टच म्हणेन.

राख थंड झाल्यावरही ती जनावराच्या अंगाला लागू देऊ नका. लाकडाची राख ओली झाली की क्षारयुक्त होते. पंजांवरची राख चाटून तोंड आणि जीभ सोलवटते. मांजरात हे जास्त दिसतं, कारण ते अंग चाटल्याशिवाय राहत नाही. राखेत लोळून आलेल्या जनावराचे पाय आणि पोट कोमट पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा.

ऊब दुसरीकडे द्या

जनावर शेकोटीकडे येतं ते थंडीमुळे. तिथून हाकलून प्रश्न सुटत नाही. त्याला दुसरीकडे ऊब मिळाली की शेकोटीचं आकर्षण आपोआप कमी होतं, आणि माझ्या मते या लेखातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय हाच आहे.

जमिनीपासून चार बोटं वर एक फळी किंवा केळीचं जुनं क्रेट उलटं ठेवा. त्यावर गव्हाचं कुटार किंवा वाळलेलं गवत जाड पसरा. तीन बाजू बंद, एक उघडी आणि उघडी बाजू वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला हवी. बारदान टाकणार असाल तर ते दवाने ओलं होतं, आणि ओलं बारदान अंगातली ऊब ओढून घेतं. रोज सकाळी उन्हात टाका, नाहीतर नुसतं कुटारच वापरा. लहान पिल्लांसाठी गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून ठेवता येते. ती थेट अंगाला लागेल अशी नको.

हे घरच्या कुत्र्यासाठी जितकं लागू, तितकंच गल्लीतल्या कुत्रीसाठी. चौकात रात्रभर राखेत पडून राहणाऱ्या पिल्लांसाठी कोपऱ्यात एक खोकं आणि कुटार ठेवायला पैसा लागत नाही.

ताटातलं काय देऊ नये

शेकोटीभोवती जेवण असतं, आणि जेवणाभोवती जनावर. भाजण्याइतकाच हा धोका मोठा असूनही त्याबद्दल कुणी विचारत नाही.

भरताचंच घ्या. त्यात कांद्याची पात आणि लसूण असतो. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मांजराला दर किलो वजनामागे सुमारे ५ ग्रॅम आणि कुत्र्याला १५ ते ३० ग्रॅम कांदा बाधू शकतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला एका लहान कांद्याचा तुकडाही पुरतो. त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, जनावर मलूल होतं. तोवर आपल्याला भरीत आठवतही नसतं. 'थोडंसं दिलं तर काय होतं' म्हणून बाटीबरोबर भरताचा घास टाकू नका.

मक्याचं कणीस खाऊन झाल्यावर उरलेलं बुरकुंड फेकू नका. कुत्रं ते मोठ्या तुकड्यांत गिळतं, ते पचत नाही आणि आतड्यात अडकतं. मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. तुपात बुडवलेल्या बाट्या, मटणाची चरबी आणि भाजलेली हाडंही नकोत. भाजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार तुटतं. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत.

द्यायचंच असेल तर साधी, कोरडी, गार झालेली भाकरी, थोडं ताक किंवा तिखटमीठ नसलेलं उकडलेलं अंडं द्या. आणि निघताना पत्रावळी, काड्या, हाडं गोळा करून न्या. मागे राहिलेल्या वासाने रात्री कुत्री येतात आणि ती येतात थेट निखाऱ्यांच्या जागी.

गोठ्यात धुरी करणार असाल तर

डास-माश्यांसाठी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करणं ही जुनी आणि उपयोगी पद्धत आहे. धोका आहे तो दाव्याचा. आग लागली तर कुत्रं पळेल, बांधलेली म्हैस पळणार नाही.

- धुरी गोठ्याच्या आत नको. वाऱ्याच्या बाजूला बाहेर घमेल्यात करा, धूर आपोआप आत जाईल.
- घमेल्यावर जाळीचं झाकण ठेवा. धुरीत ज्वाळा दिसली तर पाला जास्त कोरडा आहे, ओला पाला घाला.
- दाव्याची गाठ एका ओढीत सुटेल अशी मारा. निरगाठ नको. विळा किंवा कोयता गोठ्याच्या दाराशी ठरलेल्या जागी टांगलेला असू द्या.
- धुरी चालू असताना घरात कुणीतरी जागं हवं. धुरी करून झोपून जाणं बंद करा.
- नवजात वासरं आणि करडं धुरीच्या वेळी बाहेर काढा.
- आग लागलीच तर दाराजवळचं जनावर आधी सोडा, म्हणजे वाट मोकळी होते. बिथरलेलं जनावर परत गोठ्यात शिरू शकतं, म्हणून बाहेर काढल्यावर लांब दुसरीकडे बांधा.

भाजलंच तर पहिल्या अर्ध्या तासात

केसांमुळे जखम लहान दिसते. तिची खरी खोली दोन-तीन दिवसांनी, कातडी सुटायला लागल्यावर कळते. म्हणून 'वरवरचं आहे' असा निकाल तुम्ही देऊ नका.

१. स्वतःला वाचवा. वेदनेत घरचं कुत्रंही चावतं. अंगावर जाड चादर किंवा पोतं टाकून धरा, मांजर टॉवेलमध्ये गुंडाळा. श्वास नीट चालत असेल तरच कापडी पट्टीने तोंड सैल बांधा. धापा टाकत असेल तर तोंड बांधू नका.
२. गार पाणी. भाजलेल्या भागावर साध्या गार पाण्याची संथ धार १० ते २० मिनिटं धरा. बर्फ नको. बर्फाने कातडीचं रक्त आटतं आणि जखम खोल जाते. लहान पिल्लू किंवा मांजर असेल तर फक्त भाजलेला भाग भिजवा आणि बाकीचं अंग कोरड्या कापडात ठेवा, नाहीतर थंडीत ते गारठून जाईल.
३. चिकटलेलं ओढू नका. वितळलेला धागा किंवा प्लास्टिक कातडीला चिकटलं असेल तर तसंच राहू द्या. ते डॉक्टर काढतील.
४. काही लावू नका. हळद, तूप, लोणी, टूथपेस्ट, शाई, कोरफड, काहीही नको. तेलकट थर उष्णता आत कोंडतो, हळदीने डॉक्टरांना जखम दिसत नाही. माणसांच्या मलमांतली काही औषधं चाटल्यावर विषारी ठरतात.
५. झाका. स्वच्छ, ओलसर, धागे न सुटणारं सुती कापड सैल ठेवा. चाटू देऊ नका.
६. डॉक्टरकडे न्या. चेहरा, पंजे, गुप्तांग भाजलं असेल किंवा जखम तुमच्या तळहाताहून मोठी असेल तर त्याच दिवशी, सकाळची वाट न पाहता.

वेदनाशामक गोळीबद्दल वेगळं लिहितो, कारण ही चूक प्रेमापोटी होते. घरात असलेली पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका. मांजराच्या यकृतात ती निष्प्रभ करण्याची यंत्रणाच पुरेशी नसते आणि एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्यालाही घातक आहेत.

धूर लागला असेल तर

जनावर आगीतून बाहेर आलं, चालतंय, खातंय, म्हणून निश्चिंत होऊ नका. श्वासनलिकेची सूज एक-दोन दिवसांनीही वाढू शकते. निवांत बसलेल्या कुत्र्यामांजराचा श्वास साधारण मिनिटाला १५ ते ३० असतो. झोपेतही तो ४० च्या वर जात असेल, तोंड उघडं ठेवून मांजर धापा टाकत असेल, हिरड्या निळसर किंवा अनैसर्गिक लालभडक दिसत असतील, तोल जात असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठा. डोळे लाल असतील तर स्वच्छ कोमट पाण्याने धुवा. घरातले डोळ्यांचे थेंब घालू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळाची जखम चिघळते.

होळीचा आठवडा

होळीसाठी लाकडं अनेक दिवस आधी रचायला सुरुवात होते आणि तोवर त्या ढिगात कुत्रीची पिल्लं, मांजरं, सरडे, मुंगूस बिऱ्हाड करतात. तुमच्या गल्लीच्या मंडळाशी आताच बोलून ठेवा. पेटवण्याच्या दिवशी संध्याकाळी ढीग एका बाजूने उचकटावा, पिल्लं असतील तर आईच्या डोळ्यांदेखत खोक्यातून जवळच्याच आडोशाला न्यावीत आणि पेटवताना एक बाजू माणसांनी मोकळी सोडावी, म्हणजे आत राहिलेल्या जिवाला वाट मिळते. दुसऱ्या दिवशी धुळवडीला मुलं राख घ्यायला येतात, त्याआधी जागा पाण्याने थंड झालेली हवी.

मदत कुणाची, हक्क कोणते

मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा वाहनाची सोय मे २०२३ पासून आहे. महाराष्ट्रातही पशुसंवर्धनासाठी हाच क्रमांक आहे. फोन केल्यावर जनावर कोणतं, किती भाजलं, कुठे आहात हे थोडक्यात सांगा आणि शुल्क तिथेच विचारून घ्या. रात्री गाडी मिळेलच असं धरून चालू नका. जिल्हा पशु चिकित्सालय आणि एका खासगी डॉक्टरांचा नंबर हिवाळ्याआधीच मोबाइलमध्ये ठेवा. मोठ्या उपचारांची गरज पडली तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आगीसाठी १०१, पोलिसांसाठी ११२ आणि सरकारी यंत्रणा दाद देत नसेल तर मध्य प्रदेशात मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१.

भाजलेल्या भटक्या कुत्र्याला वाचवताना ते चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात रेबीजची लस सुरू करा. त्यात चालढकल नको.

कुणी मुद्दाम कुत्र्यावर निखारे टाकले, शेपटीला पेटती चिंधी बांधली, तर तो गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार कोणत्याही जनावराला मारणं किंवा अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जनावर पाळलेलं असो की भटकं, हे कलम लागू आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड फक्त १० ते ५० रुपये आहे. म्हणून तक्रारीत दोन्ही कायदे लिहा. आगीबाबत निष्काळजीपणा केल्यास न्याय संहितेचं कलम २८७ लागतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. फोटो, पशुवैद्यांचा लेखी अहवाल आणि साक्षीदारांची नावं सोबत जोडा. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच तक्रार लेखी पोलिस अधीक्षकांना पाठवता येते. एफआयआरची प्रत मोफत मिळणं हा तक्रारदाराचा हक्क आहे.

शेजारी रोज प्लास्टिक, चिंध्या जाळत असतील तर त्याचीही तक्रार होते. उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्यासाठी ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली. शहरात तक्रार नगर निगमकडे करा. शेतातली नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली धसकटं, जाळण्यावरही मध्य प्रदेशात बंदी आहे, आणि त्या आगीत बांधावरची जनावरं हकनाक सापडतात.

आता गुरांच्या नुकसानीबद्दल. गोठ्याला आग लागून गाय, म्हैस, बैल, शेळी दगावली तर मध्य प्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ खाली आर्थिक मदत मागता येते. हे गुरांसाठी आहे, पाळीव कुत्र्यामांजरांसाठी नाही. क्रम असा:

- त्याच दिवशी पटवारी आणि तहसील कार्यालयाला कळवा, आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.
- पंचनामा आणि सरकारी पशुवैद्यांकडून शवविच्छेदन होईपर्यंत मृत जनावर पुरू नका.
- कानातला १२ अंकी बिल्ला जपा. तो जळाला असेल तर उरलेल्या तुकड्याचा आणि जनावराच्या जुन्या फोटोचा आधार घ्या.
- जनावराचा विमा असेल तर कंपनीला वेगळं कळवा. बिल्ला नसेल तर दावा नाकारला जातो, म्हणून तो आजच तपासून घ्या आणि पडला असेल तर पशुवैद्यांकडून नवा लावून नोंद बदलून घ्या.
- पंचनाम्यात जनावराची जात, वय, दुभतं की गाभण आणि आगीचं कारण नीट लिहिलं आहे का, हे वाचून किंवा वाचून घेऊनच सही करा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करायला सांगा. सही झाल्यावर ती दुरुस्त करायला तहसीलच्या फेऱ्या माराव्या लागतात.